फसव्या दाराचे घरटे

दक्षिण आफ्रिका, नामिबिया व बोट्स्वाना या देशांतील कोरड्या, विरळ काटेरी वनांत केप पेंड्युलाइन टिट हा चिमुकला पक्षी राहतो. त्याची लांबी अवघी ८ ते ९ सेंटिमीटर असते. आपल्याकडील सुगरण पक्षी गवताचे घरटे विणतो. हा पक्षी लोकर, वनस्पतींचा कापूस व कोळ्याची जाळी एकत्र दाबून बुरणुसासारखे दाट घरटे करतो. घरट्यास समोर दिसणारे भोक फसवे असून आत केवळ बंद पोकळी असते. खरे दार त्याच्या वर असते व पक्षी बाहेर पडल्यावर ते मिटलेले राहते. अंडी शोधणारा साप पोकळीत शिरून रिकामाच परतावा, अशी ही योजना होय. विद्यार्थ्यांनी या घरट्याची आकृती काढून दोन्ही दारे दाखवावीत.