🌿 निंबोळी तेल घेताना पीपीएम बघा



निंबोळी तेलात किडीवर मुख्य काम करतो तो ॲझाडिरॅक्टिन हा घटक. नुसत्या कडू वासावरून तो किती आहे ते कळत नाही.

✅ लेबलवर पीपीएम वाचा. १०००० पीपीएम म्हणजे १ टक्का, ३०० म्हणजे फक्त ०.०३ टक्के. भावाची तुलना यावरूनच करा.

✅ नोंदणी क्रमांक, बॅच नंबर, अंतिम तारीख नसेल तर बाटली घेऊ नका. पक्कं बिल मागाच.

✅ कपाशीवरील रसशोषक किडींसाठी १५०० पीपीएम, ५० मिली प्रति १० लिटर पाणी.

✅ उन्हात हा घटक लवकर निकामी होतो, म्हणून संध्याकाळी फवारा.

⚠️ कीड लगेच मरत नाही. तिचं खाणं आणि वाढ थांबते. दुसऱ्याच दिवशी जहाल औषध मारून खर्च वाढवू नका. चार-पाच दिवसांनी पानं उलटून बघा, मग ठरवा.