क्लच प्लेटा बदलण्याआधी : होंडाच्या जुन्या तीनचाकीची दुरुस्ती

होंडाने १९७० साली अमेरिकेत विक्रीस आणलेली एटीसी ९० आणि पुढे १९७९ पासून तिची जागा घेणारी एटीसी ११० ही तीनचाकी वाहने रस्त्यासाठी नव्हे, तर वाळू, चिखल आणि बर्फ यांवरून जाण्यासाठी बनवलेली होती; कमी हवेचे रुंद, फुगीर टायर हीच त्यांची स्प्रिंग आणि हेच त्यांचे शॉकअब्सॉर्बर. अपघातांची संख्या वाढल्यानंतर १९८८ साली तेथील न्यायालयात झालेल्या तडजोडीने अशा नव्या तीनचाकींची विक्री थांबली. त्यामुळे आज दुरुस्तीच्या टेबलावर येणारे इंजिन कित्येक दशके जुने, आणि बहुधा अनेक हातांनी उघडलेले असते.

या इंजिनाला हाताने दाबायचा क्लच नाही. क्रँकच्याच टोकावर बसवलेल्या क्लचमधील वजने इंजिनाचा वेग वाढला की बाहेर फेकली जातात व प्लेटा एकमेकींवर दाबतात, वेग उतरला की प्लेटा सुटतात, आणि गिअर बदलताना पायाचा खटकाच एका बेअरिंगमार्फत क्लच सोडवतो. भारतात हिरो होंडा स्ट्रीट चालवलेल्यांना ही रीत ओळखीची वाटेल. चढावर इंजिन ओरडते पण गाडी पुढे सरकत नाही, अशी तक्रार आली की लगेच नव्या प्लेटांचा संच मागवला जातो. परंतु झिजलेली प्लेट हा बहुतेक वेळा परिणाम असतो. कारण चुकलेल्या अ‍ॅडजस्टमेंटमध्ये, चुकीच्या तेलात किंवा खाचा पडलेल्या हाउसिंगमध्ये असते, आणि ते शोधल्यावाचून बसवलेल्या नव्या प्लेटाही लवकरच जुन्यांच्या वाटेने जातात.

उघडण्याच्या कामात पहिले नुकसान स्क्रूंचे होते, कारण जपानी बनावटीच्या चौफुली स्क्रूत नेहमीचा फिलिप्स पेचकस नीट बसत नाही व निसटून डोके खातो. जपानी मापाचा पेचकस आणि हातोड्याने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर हाताशी नसेल, तर काम सुरूच न करणे बरे. जुन्या गॅस्केटमध्ये व प्लेटांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने ते कोरडे खरवडू नये, ओले करूनच काढावे. क्लचच्या मधोमध बोटाच्या पेराएवढी, मागे स्प्रिंग असलेली एक छोटी नळी असते, जिच्यातून क्रँकला तेल मिळते. ही नळी कव्हरला चिकटून बाहेर येते, फडक्यात गुंडाळली जाते आणि विसरली जाते. ती न बसवता चालवलेल्या इंजिनाचा मोठा बेअरिंग वाचण्याची आशा फारशी नसते.

क्लचचे बाहेरचे झाकण हेच तेलाची चाळणीही असते, कारण फिरण्याच्या जोराने तेलातील कण त्याच्या कडेला जाऊन बसतात. तेथे काळ्या मेणाचा जाड थर सापडला, तर आधीच्या मालकाने तेल किती वेळा बदलले याची चौकशी करण्याची गरज उरत नाही. पुढच्या चार खाचांच्या नटाला त्याचाच पाना लागतो. छिन्नी मारून तो सुटतो खरा, पण खाचा फाटतात, आणि गिअरच्या दातांत पेचकस अडकवून क्रँक धरल्यास दाताचा कपचा इंजिनात पडतो.

स्टीलच्या प्लेटा काचेवर ठेवून कडेखाली फीलर गेज सरकवल्यास वाकडेपणा कळतो. हाउसिंगच्या ज्या खोबणींत प्लेटांचे कान सरकतात, त्यांवरून नख फिरवावे. नख अडकत असेल तर प्लेटही तेथेच अडकते, आणि गाडी न्यूट्रलमधून पहिल्या गिअरमध्ये घालताच झटका देते. उथळ खाचा बारीक कानशीने सपाट करता येतात, मात्र खोल खाच कानशीने काढली की खोबण सैल होते व ठोके वाढतात, म्हणून तेथे हाउसिंगच बदलावे.

नव्या प्लेटा बसवण्यापूर्वी तेलात भिजत ठेवाव्यात, आणि ‘आउटसाइड’ असा छाप असलेला वॉशर त्याच बाजूने बसवावा. तेलाची निवड करताना डब्यावर जासो एमए ही खूण पाहावी; १९९८ साली आलेले हे मानक तेलात बुडालेल्या क्लचसाठी आहे, तर इंधन वाचवणाऱ्या मोटारींच्या तेलांत घर्षण कमी करणारे घटक असू शकतात व त्यांनी चांगल्या प्लेटाही घसरतात.

अ‍ॅडजस्टमेंट शेवटी येते, आणि घाईत हीच राहून जाते. चेकनट सैल करून मधला स्क्रू अडथळा जाणवेपर्यंत घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा, मग पुस्तिकेत दिल्याप्रमाणे फेऱ्याचा लहानसा भाग परत आणायचा, आणि चेकनट आवळताना स्क्रू हलू द्यायचा नाही. त्यानंतर मागची चाके भक्कम आधारावर उचलून, गिअरमध्ये, सर्वांत कमी वेगावर इंजिन चालवून पाहावे. तेलाच्या ओढीने चाके संथ फिरली तर चालते; ब्रेक हलका दाबूनही ती थांबत नसतील, तर पुन्हा कव्हर उघडण्याआधी कार्ब्युरेटरचा आयडल स्क्रू तपासावा, कारण आयडल चढलेला असेल तर वजने उभ्या गाडीतही क्लच धरून ठेवतात.