डाव्या कोपऱ्याचे गडी

कबड्डीचा सामना पाहून परतणारा प्रेक्षक बहुधा चढाई करणाऱ्याचेंच नांव घेत घरीं येतो. वास्तविक त्या चढाईचा निकाल ज्याच्या मनगटावर अवलंबून असतो, तो गडी मैदानाच्या अगदीं कडेस, कोपऱ्यांत उभा असतो. कॅनडांत बर्फावर हॉकी खेळतात. तींत बचावाचा एखादा दांडगा खेळाडू गोलाची हांव न धरितां अंगानें टकरा देतो, आणि आज ह्या तर उद्यां त्या संघांत वेतनावर खेळतो. आमच्याकडील धंदेवाईक पकडीचा गडी हा त्याचाच भाऊबंद म्हणावयास हरकत नाहीं. पुणेकर वाचकांस ह्याचें ओळखीचें उदाहरण म्हणजे श्री. गिरीश मारुती इर्नाक होत.

प्रथम ह्या गड्याचें काम काय तें पाहूं. पुरुषांचें मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असतें, आणि एका चढाईस ३० सेकंद मिळतात. डाव्या कोपऱ्यांतील गड्यानें वाट पाहावयाची, आणि समोरच्याचा पाय बोनस रेषेकडे येतांच खालीं झेपावून घोटा धरावयाचा. घोटा एकट्यास धरितां येतो. परंतु तो फार वेळ धरून ठेवणें एकट्याचें काम नव्हे. शेजारचे गडी येऊन पडेपर्यंत सारी ओढ आणि वेळप्रसंगीं लाथही त्याच्याच बोटांवर, खांद्यावर व तोंडावर येते. क्षणभर आधीं झेपावला तर तो स्वतः बाद. क्षणभर उशीर झाला तर समोरचा मध्यरेषेपलीकडे. इतकें करून पकडीस गुण एकच! मैदानांत तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असतां पकड साधली तर मात्र दोन. उलट, चढाई करणारा एकाच खेपेस तिघांस शिवून तीन गुण घेऊन जातो. हा हिशेब आम्हांस नेहमींच किंचित् अन्यायाचा वाटत आला आहे.

प्रो कबड्डी लीग २०१४ सालीं सुरू झाली, आणि आमच्या वडीलधाऱ्यांच्या हुतूतूस लिलावाचा बाजार लाभला. श्री. इर्नाक पाटणा व बंगाल ह्या संघांकडून खेळून २०१७ मध्यें पुणेरी पलटण संघांत आले व तीन हंगाम पुण्याचे राहिले. २०१८ मध्यें संघाचें नेतृत्वही त्यांच्याकडे होतें. तें वर्ष त्यांच्या आयुष्यांत दोन्ही परींनीं संस्मरणीय ठरलें. जानेवारींत हैदराबाद येथें महाराष्ट्रानें सेनादलास ३४-२९ असें नमवून अकरा वर्षांनीं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. त्या संघांत ते होते. ऑगस्टमध्यें जाकार्ता येथें आशियाई क्रीडास्पर्धेच्या उपांत्य सामन्यांत भारत इराणकडून १८-२७ असा हरला, त्याही संघांत ते होते. १९९० पासून पुरुषांचीं सातही सुवर्णपदकें भारतानेंच जिंकिलेलीं. ह्या खेपेस कांस्यावर समाधान मानावें लागलें.

पुढें २०२१ मध्यें गुजरात, २०२२ मध्यें पुनः बंगाल व २०२३ मध्यें यू मुंबा, असा त्यांचा प्रवास झाला. दर खेपेस नवा कर्णधार, नवे शेजारी. पकडींत शेजाऱ्याच्या पावलाचा अंदाज हेंच अर्धें शस्त्र असतें, आणि बदलीनंतर तें नव्यानें परजावें लागतें. नुसतें बळ कोणत्याही संघांत सोबत नेतां येतें. ही जाण नेतां येत नाहीं.

भटकंती केवळ मध्यम किमतीच्या गड्यांच्याच वाट्यास येते, असें मात्र कोणीं समजूं नये. इराणचे फजल अत्राचली हेही डाव्या कोपऱ्याचेच. २०१८ मध्यें यू मुंबानें त्यांस एक कोटी रुपयांस घेतलें. २०२२ मध्यें पुण्यानें १ कोटी ३८ लाख मोजले, आणि लगेच पुढल्या लिलावांत ते गुजरातचे झाले. त्यांच्या जागीं त्यांचेच देशबंधु महंमदरझा शादलुई २ कोटी ३५ लाखांस पुण्यास आले. १ मार्च २०२४ रोजीं हैदराबाद येथें पुण्यानें हरयाणास २८-२५ असें हरवून आपलें पहिलें अजिंक्यपद पटकाविलें. त्याच वर्षाच्या लिलावांत हरयाणानें शादलुईंस २ कोटी ७ लाखांस नेलें, आणि २९ डिसेंबर रोजीं हरयाणानें पाटण्यास ३२-२३ असें हरवून करंडक जिंकिला. तो सामना झाला पुण्यांतच, बालेवाडीस. पुढील हंगामास शादलुई गुजरातकडे गेले.