भेंडीवरील केवडा : रोगट झाडांचें काय करावें ?

भेंडीच्या पिकांत एखाददुसरें झाड पिवळें पडलेलें दिसलें, तरी पुष्कळ बागाईतदार तें तसेंच उभें ठेवतात. आणखी दोन-चार तोडे मिळतील, तेवढे कां सोडावे, असा त्यांचा हिशेब असतो. आम्हींही एके वर्षीं ह्याच लोभानें दहा-बारा झाडें राखलीं व महिन्याभरांत निम्मा मळा पिवळा झालेला पाहिला. म्हणून ह्या रोगासंबंधीं चार गोष्टी येथें देत आहों.

रोगाची ओळख.— मुंबई इलाख्यांतील ह्या रोगाची नोंद जी. एस. कुलकर्णी यांनीं १९२४ सालीं केली. आपल्याकडे यास केवडा किंवा हळद्या म्हणतात. प्रथम कोवळ्या पानांच्या शिरा पिवळ्या होऊन पानावर पिवळें जाळें पसरल्यासारखें दिसतें. पुढें सबंध पान पिवळें पडतें आणि फळें पिवळट, आंखूड व निबर निघतात. जमिनींत लोहाची उणीव असली तरीही पानें पिवळीं पडतात. परंतु त्या वेळीं शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होतो. केवड्यांत नेमकें याच्या उलट घडतें. हा भेद न ओळखल्यामुळें रोगट झाडांस खत घालण्यांत कित्येकांचे मोलाचे दिवस फुकट जातात.

रोगाचा प्रसार.— हा रोग विषाणूंपासून होतो व पांढरी माशी तो पसरविते. ही बारीक माशी पानाच्या खालच्या अंगास बसून रस शोषते आणि रोगट झाडावरून निरोगी झाडावर जातांना रोगही बरोबर नेते. बियांतून, मातींतून किंवा हात लागल्यानें हा रोग येत नाहीं. अर्थात् मळ्यांत उभें असलेलें रोगट झाड आणि बांधावरील रानभेंडी हींच रोगाचीं कोठारें होत. रोग जितका लौकर जडेल तितकें नुकसान अधिक. उगवणीनंतर ५० दिवसांनीं रोग जडल्यास उत्पन्नांत शेंकडा ८४ व ६५ दिवसांनीं जडल्यास शेंकडा ४९ घट येते, असें १९७४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत आढळलें.

उपाय.— (१) रोग जडलेलें झाड कोणत्याही औषधानें बरें होत नाहीं. तें दिसतांच उपटावें. पीक लहान असतां दर दोन-तीन दिवसांनीं मळ्यांतून फेरी घालावी.

(२) झाड नुसतें ओढून खांद्यावर टाकून नेऊं नये. त्यानें माशा उडून शेजारच्या झाडांवर बसतात. सकाळीं गारव्यांत, माशी मंद असतां, झाडावर पोतें घालून तें आंतल्या आंत उपटावें, पोत्याचें तोंड बांधून बाहेर न्यावें आणि पुरावें किंवा जाळावें.

(३) पांच किलो निंबोळीचा मगज कुटून रात्रभर पाण्यांत भिजवावा, गाळून शंभर लिटर पाणी करावें व पानांच्या खालच्या अंगास फवारावें. यानें माशी कमी होते. रोगट झाड सुधारत नाहीं.

(४) निम्म्याहून अधिक पीक ग्रासलें असल्यास एकेक झाड उपटण्यांत अर्थ नाहीं. सर्व पीक लौकर मोडावें व त्याच्या शेजारीं नवी भेंडी लावूं नये.

(५) बीं रोगास दाद न देणाऱ्या जातीचें घ्यावें. मात्र त्यावर विसंबून राहूं नये. 'पुसा सावनी' आरंभीं टिकली व पुढें बळी पडली. रानटी जातीशीं संकर करून मराठवाडा कृषि विद्यापीठानें काढलेल्या 'परभणी क्रांती'चा जोरही कालांतरानें पुष्कळ ठिकाणीं उणा पडला.

शेवटीं एक विनंती. माशीला बांध कळत नाहीं. एकानें झाडें उपटलीं व शेजाऱ्यानें राखलीं, तर दोघांचेंही नुकसान होतें. यास्तव आपला मळा पाहून झाल्यावर शेजाऱ्यासही बरोबर घेऊन त्याच्या मळ्यांत एक फेरी घालावी, अशी आमची सर्व शेतकरी बंधूंस सूचना आहे.