हात रिकामे असू द्या

पाण्याखालची फोटोग्राफी शिकायची असेल तर आधी काही डाइव्ह कॅमेऱ्याशिवाय करा, असं मी सांगतो तेव्हा हौशी मंडळी नाराज होतात. पण कारण गंभीर आहे. जमिनीवर फोटो हलू नये म्हणून आपण नकळत श्वास रोखतो, आणि स्कूबाचा पहिलाच नियम असा की श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीत भरलेली हवा वर येताना दुप्पट फुगते. कोंडलेली असेल तर फुप्फुस फाटू शकतं. 'मालवणला उथळ पाण्यातच तर उतरायचंय' असं म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की हवा सर्वांत वेगानं फुगते ती याच वरच्या दहा मीटरांत. स्क्रीनला डोळे लावलेल्या माणसाला आपण दोन मीटर वर सरकलो हे कळतही नाही.

'सोबत इन्स्ट्रक्टर असतो ना!' असतो. तो हात धरेल, पण श्वास तुमचा तुम्हालाच घ्यायचा आहे. शिवाय घाईनं फोटोही बिघडतो. पाण्यात लाल रंग पहिल्या पाचेक मीटरांतच विरू लागतो, म्हणून लालभडक प्रवाळ निळं-करडं दिसतं. झूम करून उपयोग नाही, कारण रंग खाणारं पाणी मधे तेवढंच राहतं. हातभर अंतरावर जाऊन लाइट वापरावा लागतो आणि तिथे पाय न हलवता तरंगता यावं लागतं. पायातली फिन तळाला लागली की गाळ उठतो, फ्लॅशचा उजेड त्या कणांवर पडतो आणि माशाऐवजी पांढऱ्या ठिपक्यांचा फोटो येतो. तोल गेला की माणूस प्रवाळाला धरतो. त्याची मोडलेली फांदी भरून यायला वर्षं लागतात.

'वर्षातून एकदाच जातो, मग शिकायचं कधी?' हा आक्षेप रास्त आहे. अशांनी फोटोचं काम सोबतच्या गाइडवर सोडावं आणि मासे डोळे भरून बघावेत. ज्यांना खरंच शिकायचंय त्यांनी 'ओपन वॉटर' हा स्कूबाचा प्राथमिक कोर्स करावा. मग तळापासून हातभर वर, हात-पाय न हलवता, नुसत्या संथ श्वासावर मिनिटभर स्थिर राहून पाहावं. ते सहज जमलं की कॅमेरा घ्या. पण हाउसिंगची, म्हणजे कॅमेऱ्याच्या जलरोधक कवचाची, रबरी रिंग नीट तपासा, तिच्यात अडकलेला एक केसही पाणी आत यायला पुरतो. पावसाळ्यात मालवणचं डायव्हिंग बंद असतं, ऑक्टोबरच्या सुमारास पुन्हा सुरू होतं. यंदा पहिल्यांदा उतराल ते रिकाम्या हातांनीच उतरा.