लाकडाची धूळ आणि तिचा बंदोबस्त

संगणकाच्या आज्ञेनुसार लाकूड कोरणारे यंत्र आता केवळ कारखान्यांपुरते मर्यादित राहिलेले नाही. हात-दीड हात लांबीरुंदीचे सी.एन.सी. राउटर हौशी कारागिरांच्या घरातील एखाद्या खोलीत किंवा गच्चीवरील पत्र्याच्या शेडमध्येही दिसू लागले आहेत. सुताराच्या करवतीपेक्षा हे यंत्र एका बाबतीत वेगळे आहे. करवत थांबत थांबत चालते. हे यंत्र मात्र एकदा सुरू झाले की तासन्‌तास कोरीत राहते आणि तितका वेळ अखंड धूळही निर्माण करते. म्हणून यंत्राबरोबरच धूळ ओढून घेणाऱ्या साधनाचा विचार करावा लागतो. हा विचार बहुधा स्वच्छतेच्या दृष्टीने केला जातो. वस्तुतः तो प्रथम आरोग्याच्या दृष्टीने केला पाहिजे; आणि तसा केला म्हणजे साधन निवडण्याच्या कसोट्याही बदलतात.

हाय विकमचा धडा

इंग्लंडमधील बकिंगहॅमशर परगण्यातील हाय विकम हे गाव लाकडी खुर्च्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. १९६० नंतरच्या दशकात तेथील नाक-कान-घशाच्या शल्यचिकित्सक एस्मे हॅडफील्ड यांच्या असे लक्षात आले की, नाकाच्या पोकळीचा एक अतिशय विरळा कर्करोग झालेल्या रुग्णांत फर्निचरच्या कारखान्यांतील कामगारांचे प्रमाण फार मोठे आहे. डोनाल्ड अॅचेसन आदी सहकाऱ्यांसह त्यांनी केलेले संशोधन १९६८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे इतर देशांतूनही या निष्कर्षाला पुष्टी मिळाली. १९९५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीचा समावेश मानवात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला.

हौशी माणसाचा धुळीशी येणारा संबंध कारखान्यातील कामगाराच्या मानाने थोडा असतो हे खरे. परंतु त्याची खोली लहान असते आणि तिची तपासणी करणारा कोणी नसतो. शिवाय धुळीचा उपद्रव कर्करोगापुरताच नाही. लाकडाच्या धुळीने दमा जडू शकतो; साग व शिसव यांच्या धुळीने काहींच्या त्वचेचा दाह होतो.

दिसणारी धूळ आणि न दिसणारी धूळ

यंत्राभोवती साचलेला भुसा पाहून धुळीचा अंदाज बांधणे चुकीचे ठरते. पाण्याइतक्या घनतेचा, १०० मायक्रॉन व्यासाचा कण स्थिर हवेत एक मीटर खाली येण्यास तीन-चार सेकंद घेतो. १० मायक्रॉनच्या कणाला पाच-सहा मिनिटे लागतात, तर १ मायक्रॉनच्या कणाला सुमारे आठ तास. याचाच अर्थ असा की, जी धूळ जमिनीवर दिसते तिच्यापासून भय कमी. जी दिसत नाही तीच दीर्घकाळ तरंगत राहते आणि श्वासावाटे खोलवर जाते.

या धुळीचे किती प्रमाण चालू शकते? युरोपीय संघाने कठीण लाकडाच्या धुळीसाठी कामाच्या जागी दर घनमीटर हवेत २ मिलिग्रॅम अशी आठ तासांच्या सरासरीची मर्यादा २०२३ पासून लागू केली आहे. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच खोलीत ३० घनमीटर हवा मावते. अशा खोलीत ही मर्यादा गाठण्यास हवेत ६० मिलिग्रॅम धूळ पुरते. ही धूळ चिमूटभर मिठाहूनही कमी भरेल.

उगमापाशी उपाय

धूळ ओढण्यापूर्वी ती कमी कशी निर्माण होईल हे पाहणे श्रेयस्कर. दोन धारांचे बिट मिनिटाला १८,००० फेरे घेत असेल आणि यंत्र मिनिटाला ३,६०० मिलिमीटर पुढे सरकत असेल, तर प्रत्येक धार ०.१ मिलिमीटर जाडीची ढलपी काढते. हीच गती ३६० मिलिमीटरवर आणली की जाडी ०.०१ मिलिमीटर होते. मग लाकूड कापले न जाता घासले जाते. बिट तापते आणि ढलपीऐवजी पीठ निघते. यंत्राला झेपेल तितकी पुढे सरकण्याची गती ठेवणे आणि बिट धारदार राखणे हा धुळीवरील पहिला व बिनखर्ची उपाय होय. एम.डी.एफ.च्या फळ्यांना मात्र तो फारसा लागू पडत नाही. त्या मुळातच लाकडाच्या बारीक तंतूंपासून राळ घालून बनवलेल्या असल्यामुळे त्यांची धूळ बारीकच निघते.

दुसरा उपाय म्हणजे ओढणाऱ्या नळीचे तोंड बिटाजवळ नेणे. फुंकर मारून हातभर अंतरावरील मेणबत्ती विझवता येते. हवा आत ओढून ती विझवता येत नाही. ओढलेली हवा सर्व दिशांनी येते, त्यामुळे नळीच्या तोंडापासून तिच्या व्यासाइतक्या अंतरावर हवेचा वेग तोंडाशी असलेल्या वेगाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतका उरतो. म्हणून बिटाभोवती ब्रशच्या केसांची झालर असलेले आवरण बसवतात. झालर लाकडाला टेकलेली असावी. या आवरणाशिवाय महागडे यंत्रही निरुपयोगी ठरते.

दोन प्रकारची साधने

बाजारात मिळणारी साधने मुख्यतः दोन प्रकारची आहेत. पहिला प्रकार कर्मशाळेतील व्हॅक्यूम क्लीनरचा. त्याची ओढ जबर, सुमारे दोन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलण्याइतकी असते. पण हवा थोडी वाहते. दुसरा प्रकार मोठा पंखा असलेल्या धूळसंग्राहकाचा. त्याची ओढ पंधरा-वीस सेंटिमीटर पाण्याइतकीच, पण हवेचा ओघ पुष्कळ.

ढलप्या नळीत न साचता वाहून जाण्यासाठी हवेचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर असावा लागतो. ३६ मिलिमीटर व्यासाच्या नळीत हा वेग राखण्यास ताशी सुमारे ७३ घनमीटर हवा पुरते. १०० मिलिमीटरच्या नळीला सुमारे ५६५ घनमीटर लागते. बारीक नळीतून एवढी हवा ओढणे पंख्याला साधत नाही आणि जाड नळी भरून वाहवणे व्हॅक्यूम क्लीनरला साधत नाही. म्हणून धूळसंग्राहकाला बारीक नळी जोडणे ही पैशांची नासाडी होय. जाड नळीचे ओझे आणि ताण लहान यंत्राच्या फिरत्या भागाला सोसतही नाही. ६ मिलिमीटरच्या बिटाने काम करणाऱ्या लहान राउटरला व्हॅक्यूम क्लीनरच योग्य. यंत्र मोठे असेल किंवा त्याच नळीवर करवत व रंधायंत्रही जोडावयाचे असेल, तर धूळसंग्राहक घ्यावा.

व्हॅक्यूम क्लीनर घेताना त्याची मोटर तासन्‌तास चालण्याजोगी आहे की नाही, हे विचारून घ्यावे. विजेचा हिशेबही करावा. १,२०० वॅटचा व्हॅक्यूम क्लीनर आणि ८०० वॅटचा राउटर एकाच वेळी चालल्यास २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अॅम्पिअर प्रवाह लागतो. घरातील ६ अॅम्पिअरच्या साध्या प्लगला तो झेपणारा नाही.

सायक्लोन आणि गाळणी

राउटर आणि व्हॅक्यूम क्लीनर यांच्यामध्ये सायक्लोन बसवण्याची पद्धत आहे. शंकूच्या आकाराच्या या पात्रात हवा कडेने शिरून गरगर फिरते. जड कण भिंतीकडे फेकले जाऊन खालच्या पिंपात पडतात आणि हवा मधून वर निघून जाते. पिंप हवाबंद हवे, नाही तर पडलेली धूळ पुन्हा उचलली जाते. ते भक्कमही हवे. नळी तुंबताच पातळ बादली ओढीने चेपते.

सायक्लोनमुळे गाळणी लवकर तुंबत नाही व ओढ टिकून राहते. परंतु अगदी बारीक कण त्यातूनही निसटतात. ते अडवण्याचे काम अखेर गाळणीचेच. जाड कापडाच्या पिशवीतून जर ही धूळ बाहेर पडत असेल, तर साधन खोली झाडत नसून धूळ हवेत उधळीत असते. युरोपीय वर्गीकरणात ‘एल’ वर्गाचे साधन जास्तीत जास्त १ टक्का, ‘एम’ ०.१ टक्का आणि ‘एच’ ०.००५ टक्के धूळ निसटू देते. लाकडासाठी किमान ‘एम’ वर्ग घ्यावा. शक्य असेल तेथे साधनाची हवा कोणाला उपद्रव होणार नाही अशा बेताने खोलीबाहेर सोडावी.

आगीचेही भान ठेवले पाहिजे. २०१५ च्या जुलैत इंग्लंडमधील बॉस्ली येथे लाकडाचे पीठ करणाऱ्या गिरणीत स्फोट होऊन चौघे मृत्युमुखी पडले. घरगुती पिंपात एवढे भय नसले, तरी खिळ्याची ठिणगी किंवा बोथट बिटाने निघालेला निखारा भुशात धुमसत राहू शकतो. काम संपताच पिंप रिकामे करावे. प्लॅस्टिकच्या नळीत घर्षणाने विद्युतभार साचतो. त्यासाठी तो न साचू देणारी नळी वापरून ती भूसंपर्कित करावी.

खर्चाचा क्रम

पैसा मर्यादित असेल तर तो प्रथम गाळणीवर, नंतर बिटाभोवतीच्या आवरणावर आणि त्यानंतर सायक्लोनवर खर्चावा. अश्वशक्तीच्या आकड्याला भुलू नये. मुखपट्टी हवीच, पण या सर्वांना पर्याय म्हणून नव्हे. झाडूने धूळ पुन्हा उठते, म्हणून तिचा वापर टाळावा.

व्यवस्था नीट जमली की नाही हे पाहण्यास महागडे उपकरण लागत नाही. यंत्र चालू असताना खोलीत अंधार करावा, प्रखर विजेरी लावावी आणि डोळ्यांवर थेट प्रकाश येणार नाही अशा बेताने तिच्या झोताकडे समोरून, किंचित बाजूने पाहावे. कवडशात तरंगतात तसे कण झोतात बिटाजवळ दिसले, तर दोष आवरणात आहे. साधनाच्या हवा सोडणाऱ्या तोंडाशी दिसले, तर दोष गाळणीत आहे. तो दूर केल्यावर पुन्हा पाहावे, आणि झोत निर्मळ दिसेपर्यंत हा क्रम चालू ठेवावा.