वाहक वायूची निवड : रोहित्राच्या तेलातील हायड्रोजनचा शोध

जबलपूर हे मध्य प्रदेशाच्या वीजव्यवस्थेचे केंद्र होय. पूर्वीच्या विद्युत मंडळाचे मुख्य कार्यालय तेथील रामपूर भागात, शक्तिभवनात होते. मंडळाच्या विभाजनानंतर स्थापन झालेल्या राज्य पारेषण कंपनीचा कारभारही तेथूनच चालतो. अशा संस्थेची अत्यंत मोलाची मालमत्ता म्हणजे उपकेंद्रांतील मोठी रोहित्रे, म्हणजेच ट्रान्स्फॉर्मर. रोहित्राची कागदाने वेष्टिलेली वेटोळी खनिज तेलात बुडविलेली असतात, आणि आत काही बिघाड सुरू झाला की त्याची वर्दी प्रथम या तेलातच मिळते. क्षीण विद्युत् विसर्जन होऊ लागल्यास तेलाचे रेणू तुटून मुख्यतः हायड्रोजन सुटतो; एखादे स्थान अतिशय तापल्यास एथिलीन वाढते; ठिणगी पडू लागली की हायड्रोजनबरोबर ॲसिटिलीनही दिसू लागते. हे वायू तेलात विरघळून राहतात. सुस्थितीत चालणाऱ्या रोहित्रांत हायड्रोजनचे प्रमाण सामान्यतः दहा लाख भागांत 50 ते 150 भागांच्या आत असते, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मानक सांगते. इतके अल्प प्रमाण अचूक मोजता आले, तरच बिघाड वेळीच ओळखता येतो.

हे मोजमाप वायु-वर्णलेखनाने, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफीने करतात. तेलातून काढलेले वायुमिश्रण एका वाहक वायूच्या प्रवाहात सोडले जाते. हा प्रवाह त्यास रेण्वीय चाळणी भरलेल्या नळीतून पुढे नेतो. हायड्रोजन त्या चाळणीत फारसा अडकत नाही व सर्वांआधी बाहेर पडतो. नळीच्या टोकाशी असलेल्या शोधकात एक तापलेली बारीक तार असते. वाहक वायू तिची उष्णता एका ठरावीक वेगाने वाहून नेतो. त्यात दुसरा वायू मिसळला की हा वेग बदलतो, तारेचे तापमान व त्याबरोबर तिचा विद्युत् रोध बदलतो, आणि आलेखावर एक शिखर उमटते. यावरून उघड होते की, शोधकाची संवेदनक्षमता वाहक वायू व मोजावयाचा वायू यांच्या उष्णतावाहकतेतील अंतरावर अवलंबून असते.

आता प्रश्न असा, की वाहक कोणता घ्यावा? बहुतेक वायूंच्या बाबतीत हेलियम उत्तम ठरतो, कारण त्याची वाहकता इतरांहून पुष्कळ अधिक आहे. परंतु हायड्रोजन याला अपवाद आहे. सामान्य तापमानास नायट्रोजनची वाहकता 1 मानली, तर अरगॉनची सुमारे 0.7, हेलियमची 6 व हायड्रोजनची 7 भरते. हायड्रोजन व हेलियम यांतील अंतर इतके थोडे, की शिखर अगदीच ठेंगणे राहते. शिवाय येथे एक विलक्षण गोष्ट घडते. हेलियममध्ये थोडा हायड्रोजन मिसळला असता मिश्रणाची वाहकता वाढण्याऐवजी प्रथम घटते व प्रमाण बरेच वाढल्यावरच पुन्हा वाढू लागते. परिणामी शिखर कधी उलटे, तर कधी मध्यभागी दुभंगलेले दिसते. अशा शिखराच्या क्षेत्रफळावरून प्रमाण काढणे म्हणजे फसगत करून घेणे होय.

नायट्रोजन वा अरगॉन वाहक असल्यास ही अडचण उरत नाही. हायड्रोजनची वाहकता अरगॉनच्या जवळजवळ दहापट असल्यामुळे शिखर उंच व स्पष्ट येते. दोहोंपैकी अरगॉन श्रेयस्कर. कारण तेलातील ऑक्सिजन व नायट्रोजनही मोजावयाचे असतात, आणि नायट्रोजन स्वतःच वाहक असल्यास त्याचे शिखर उमटणार नाही. अरगॉन हवेपासून वेगळा करून मिळविला जातो. हेलियम मात्र भारतास आयात करावा लागतो.

अरगॉनच्याही मर्यादा आहेत. त्याच्या व इतर वायूंच्या वाहकतेत फारसे अंतर नसल्याने त्यांची शिखरे लहान येतात. म्हणून हायड्रोकार्बने ज्वाला-आयनीकरण शोधकाने मोजतात; कार्बन मोनॉक्साइड व डायऑक्साइड यांचे निकेलच्या उत्प्रेरकावर मिथेनमध्ये रूपांतर करून तेही त्याच शोधकात नेतात. हायड्रोजनला मात्र हा शोधक प्रतिसाद देत नाही. दुसरे असे, की अरगॉन उष्णता मंदपणे वाहून नेतो. त्यामुळे हेलियमसाठी योग्य असलेला विद्युत् प्रवाह येथे तारेस जाळून टाकील. तो कमी ठेवावा, आणि वायू वाहू लागण्यापूर्वी कधीही सुरू करू नये.

नमुना घेण्यातही तितकीच दक्षता हवी. हायड्रोजन तेलात फार थोडा विरघळतो व सहज निसटतो. वायुरोधी काचेच्या पिचकारीऐवजी उघड्या बाटलीत आणलेल्या तेलात तो सापडला नाही, म्हणून रोहित्र निर्दोष ठरत नाही. तात्पर्य, मोजावयाच्या वायूहून शक्य तितका भिन्न, पण विश्लेषणातील अन्य घटकांस न झाकणारा वाहक निवडावा. हायड्रोजनसाठी तो अरगॉन होय.